थंड डोक्याचं काम

१

"ताई, घरात आग लागलीय. असशील तशी ये," भाऊ फोनवर म्हणाला.

"धूर कुठून येतोय?" आत्यानं विचारलं आणि पायात चपला सरकवल्या.

प्रश्न तिच्या धंद्यातला होता. जळालेल्या गोदामांची आणि दुकानांची पाहणी करून माल आपसूक जळला की कुणी जाळला, हे ती विमा कंपनीला कळवायची. वर्षानुवर्षं राखेत उभं राहून लोकांच्या थापा ऐकल्यामुळे तिला धूर आणि खोटं या दोन्हींचा वास लवकर यायचा. रागही त्याच नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा.

"धूर नाही गं," भाऊ म्हणाला. "पोरगी पेटलीय."

पोरीचं टोपणनावच ठिणगी. गेम खेळताना तिनं ते स्वतःसाठी घेतलं आणि घरच्यांना ते इतकं पटलं की खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रापुरतं उरलं.

आत्या पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं. हॉलच्या मधोमध हेडफोनचा एक कान पडला होता, दुसरा सोफ्याखाली. आतल्या एका खोलीतून कपाट आपटल्याचा आवाज येत होता आणि दुसऱ्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. ही दुसरी शांतता आत्याला जास्त वाईट वाटली.

भाऊ दारातच उभा होता. फ्रिज, एसी आणि कोल्ड स्टोरेजची यंत्रं दुरुस्त करणारा हा गडी, यंत्रापुढे वाघ आणि माणसांपुढे मांजर. त्यानं आवाज खाली आणून सगळं सांगितलं. एका मोठ्या गेमिंग टीमला एक खेळाडू हवा होता. निवड झाली असती तर ठिणगी वर्षभर त्यांच्या शिबिरात, दुसऱ्या शहरात राहायला जाणार होती. आज दुपारी त्यांचा प्रशिक्षक तिचा सामना बघत होता. पोरगी जिंकत आली आणि चित्र अडखळायला लागलं. मग पडदा काळा. चालू केला, परत तेच. तिसऱ्यांदा पडदा गेला तेव्हा प्रशिक्षकानं थांबायला सांगितलं आणि जागा तिच्या जोडीदाराला दिली. तो मुलगा गेममध्ये दबकत दबकत पुढं सरकायचा, म्हणून त्याला सगळे कासव म्हणत.

"जळलं-बिळलं काही नाहीये," भाऊ म्हणाला. "तापलं की ते आपणहून बंद पडतं, निवलं की परत चालू होतं. पण ही ऐकते कुठे."

आत्या ठिणगीच्या खोलीत गेली. पोरगी जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला टेकवून, आणि समोरच्या काचेच्या पेटीकडे बघत होती. दोन वर्षं सुट्ट्यांत काम करून, एकेक सुटा भाग आणून तिनं आणि तिच्या बाबानं हा कॉम्प्युटर जोडला होता. इतर मुली खोलीत आरसा लावतात, तिनं ही पेटी लावली होती.

"काकूंनी केलंय," ती म्हणाली. सावत्र आईला ती काकूच म्हणायची. रडून झालं होतं, आता नुसता राग उरला होता. "मी सकाळी आंघोळ करून आले तर याची पुढची जाळी त्यांच्या हातात होती. ओली. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही हे त्यांना माहीत आहे. आत कुठेतरी कापड फिरवलं असणार. एका कापडाच्या घासण्यानं स्थिर वीज तयार होते, आत्या, तेवढ्यानं भाग मरतात."

"तू त्यांना काय बोललीस?"

ठिणगीनं मान फिरवली. बोलली ते भावानं आधीच सांगितलं होतं. माझ्या आईची जागा घेतलीत, आता माझीही घेतलीत, असं ती भर हॉलमध्ये ओरडली होती. आणि भाऊ तिथं उभा राहून ऐकत होता.

"आणि आणखी कुणाला काय बोललीस?"

ठिणगीनं फोन पुढं केला. टीमच्या ग्रुपवर तिनं लिहून टाकलं होतं की कासव आज सकाळी घरी आला होता, जागा कुणाला मिळाली ते बघा आणि काय ते समजा.

"म्हणजे एका गुन्ह्याला तुझ्याकडे दोन गुन्हेगार आहेत," आत्या म्हणाली. तिच्या कानशिलात आता ठोके पडायला लागले होते. "उद्या दुपारपर्यंत या घरातून कुणी बाहेर जायचं नाही. आणि ग्रुपवर आणखी एक अक्षर लिहिलंस तर फोन मी पाण्यात टाकीन."

२

भावजय बॅग भरत होती. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना श्वास रोखा, हलू नका, असं सांगणाऱ्या त्या बाईनं स्वतःचाच श्वास दुपारपासून रोखून धरल्यासारखा आत्याला वाटला. घड्या मात्र नीट घालत होती. चिडलेली माणसं कपडे कोंबतात. ही एकेक साडी तळहातानं सपाट करत होती, आणि त्यामुळे तिचा राग किती खोल गेलाय ते कळत होतं.

आत्यानं पलंगाच्या कडेला बसून विचारलं, काय झालं ते तिच्या तोंडून ऐकायचंय. भावजयीनं थोडक्यात सांगितलं. सकाळी ती त्या खोलीत गेली होती हे खरं. पेटीच्या पुढची जाळी धुळीनं माखली होती हेही खरं.

"मला धुवायला दिली, मी धुतली. वाळवून जागेवर लावली. आत हात घातला नाही. मला त्या पेटीतलं काही कळत नाही."

"मग हे ठिणगीला सांगितलंस का?"

"सांगितलं. ऐकू कुठे गेलं तिला."

आत्यानं विचारलं की सकाळी त्या खोलीत आणखी कुणी होतं का. भावजयीचे हात साडीवर थांबले. मग तिनं बॅगेची चेन ओढली, ती अर्ध्यावर अडकली, तिनं परत ओढली.

"ताई, मला आणखी काही विचारू नका. मी कुणाच्या वतीनं बोलायला या घरात आले नाहीये. ज्याला बोलायचं असेल त्याला तोंड आहे."

आत्या बाहेर आली ती फणफणत. साक्षीदार खोटं बोलला की तिला फारसा राग यायचा नाही, तो तिच्या धंद्याचाच भाग होता. पण माहीत असून गप्प बसणाऱ्याचा तिला संताप यायचा. आणि ही बाई काहीतरी माहीत असून गप्प बसली होती.

हॉलमध्ये भाऊ फुटलेला हेडफोन चिकटवत बसला होता. आत्यानं त्यालाही विचारून टाकलं, तू सकाळी कुठे होतास. तो म्हणाला, एका कोल्ड स्टोरेजचं यंत्र अडलं होतं, सगळे झोपेत असतानाच घर सोडलं, आलो तो थेट सामन्याच्या वेळेला. बोलताना त्यानं मान वर केली नाही. पण तो कुणाशीच मान वर करून बोलायचा नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कासव आला तो भांडायच्या तयारीनंच. किडकिडीत मुलगा, पाठीवर मोठी सॅक, आणि आवाज मात्र घरभर पुरेल असा.

"मी जिंकलो ते तुला सहन होत नाहीये," तो दारातूनच ठिणगीला म्हणाला. "सरळ सांग ना तसं. चोर का ठरवतेस?"

ठिणगी उठून त्याच्या अंगावर जाणार होती. आत्यानं दोघांच्या मध्ये खुर्ची ठेवली आणि तिच्यावर स्वतः बसली. मग त्याला विचारायला सुरुवात केली. तो काल सकाळी आला होता, ठिणगीची आंघोळ उरकल्यावर, नाश्त्याच्या सुमाराला, माऊस परत द्यायला. हॉलमध्येच बसला होता. ठिणगीला विचारलं तेव्हा तिलाही ते कबूल करावं लागलं, पण ती शुभेच्छांचे मेसेज वाचत होती आणि मध्ये एकदा तो पाणी प्यायला उठला होता, असं तिनं जोडलं.

"पाणी प्यायला," कासव म्हणाला. "हो, मला तहान लागते. आत्या, तुम्हाला एक सांगू? हिचा कॉम्प्युटर कुणी ट्यून केला? मी. प्रोसेसरचा वेग किती वाढवायचा, वीज किती द्यायची, सगळं मी बसून लावलं. मला हिचा खेळ बिघडवायचा असता तर मी पेटीकडे बघितलंही नसतं. कीबोर्डवर एक आकडा बदलला असता आणि हिला महिनाभर कळलं नसतं."

तो रागाच्या भरात स्वतःविरुद्ध पुरावा देत होता हे त्याच्या लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं, आणि तिला तो मुलगा थोडा आवडला.

"मग तेच आधी बघू," ती म्हणाली. "तू काय काय बदललंस ते सगळं मूळ जागेवर आण."

तिची पद्धत गोदामातलीच होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं. कासवानं सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्या. ठिणगीनं गेम सुरू केला. थोड्या वेळात चित्र अडखळलं, मग पडदा काळा. म्हणजे ट्यूनिंगचा दोष नव्हता. कासवानं सॅकमधून स्वतःचा पॉवर सप्लाय काढला, तो वायरींसकट टेबलावर मांडून जोडला. परत गेम, परत काळोख. म्हणजे विजेचाही दोष नव्हता.

"काकूंनी आतला भाग मारलाय, मी म्हणत होतेच," ठिणगी म्हणाली.

"मेलेला माणूस दर वेळी उठून बसत नाही," आत्या म्हणाली. "स्थिर विजेनं प्रोसेसर गेला असता तर तो चालूच झाला नसता. हा चालू होतो, पत्र टाइप करू देतो, गाणी वाजवतो. फक्त कष्टाचं काम दिलं की बसतो. कष्टानं काय होतं?"

"तापतो," कासव म्हणाला.

आत्याच्या मनात काहीतरी टोचलं. हा शब्द तिनं काल ऐकला होता, या घरात, कुणीही काही तपासायच्या आधी. तिनं ती टोचणी तशीच राहू दिली आणि म्हणाली, "किती तापतो ते दिसतं का?"

४

दिसत होतं. ठिणगीनं पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा लावला आणि गेम सुरू केला. आत्या चष्मा लावून त्या आकड्यासमोर बसली.

आकडा चढला नाही, त्यानं उडी मारली. गेममधलं पहिलं दार उघडायच्या आत तो लाल झाला होता.

"आपण धूळ विसरतोय," ठिणगी हट्टानं म्हणाली. "ओली जाळी लावली तर हवा अडते ना."

जाळी काढून ठेवली, काचही काढली, पेटी उघडी ठेवून परत खेळून बघितलं. तीच उडी. आत्यानं विचारलं की धूळ अडकली, पंखा मंद झाला, खोली तापली, तर आकडा कसा वागतो. कासव म्हणाला, हळूहळू चढत जातो, भांड्यातलं पाणी तापावं तसा. ही उडी वेगळी होती. उष्णता प्रोसेसरमधून बाहेरच पडत नव्हती. त्याच्या डोक्यावर बसवलेल्या थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे कूलरला, ती पोचतच नव्हती.

ठिणगीनं कूलरला बोट लावलं. तो हलला. अगदी किंचित, दुधाच्या दातासारखा.

"हा घट्ट होता," ती म्हणाली. "परवा संध्याकाळी मी सरावाचा सामना रेकॉर्ड केलाय. कोपऱ्यात हाच आकडा आहे. एकदम ठीक."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. आकडा शहाण्यासारखा खाली होता. म्हणजे जे झालं ते परवाची संध्याकाळ आणि कालची दुपार यांच्या मध्ये झालं, आणि स्क्रू आपणहून सैल होत नाहीत.

कासव आपली सॅक उचलून उभा राहिला. त्याच्याकडे आता दोघीही बघत होत्या. "मी नाही," एवढंच तो म्हणाला, या वेळी न ओरडता.

आत्यानं ठिणगीला स्क्रू ड्रायव्हर घ्यायला सांगितला आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. पहिला घट्ट झाला. दुसरा तेवढाच फिरला आणि घट्ट झाला. तिसरा, चौथा, सगळे तेवढेच. एकाही स्क्रूच्या खाचेवर ओरखडा नव्हता. कूलरखालची, उष्णता वाहून नेणारी पेस्टसुद्धा चारी बाजूंनी सारखी दिसत होती, ठोकळा तिरका झालाच नव्हता. कुणीतरी एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा असं करत, मापानं, थोडं थोडं सैल केलं होतं.

आत्यानं आयुष्यात खूप नासधूस बघितली होती. सूडानं केलेली, लोभानं केलेली, दारूच्या नशेत केलेली. त्या प्रत्येकीत कुठेतरी एक जादाचा घाव असायचा. इथं तो नव्हता. ज्यानं हे केलं त्याला हा कॉम्प्युटर मोडायचाच नव्हता. त्याला तो फक्त थांबवायचा होता, आणि तोही जळायच्या आधी.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा इतका पडला होता की ठिणगीनं विचारलं, गुडघा दुखला का.

"नाही," आत्या म्हणाली. "कासवाला घरी जाऊ दे. तू बाबाला बोलाव. आणि काकूंनाही."

५

दोघं आले. भावजय बाहेर जायच्या कपड्यांत होती, बॅग तिनं दारापाशी आणून ठेवली होती. भाऊ पलंगाच्या टोकावर बसला. पेटीची काच परत बसवलेली होती, गेम चालू होता आणि कोपऱ्यातला आकडा खाली स्थिर होता.

"चालू झाला?" भाऊ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरा आनंद होता. तो आनंद ऐकून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं स्वतःला आवरलं. या माणसाला तिनं कडेवर घेऊन फिरवलं होतं. बाहेर पडायला एक दार त्याला द्यायलाच हवं होतं.

"कूलरचे स्क्रू सैल केले होते," ती म्हणाली. "कासवानं केलं. घरी आला होता, पाणी प्यायला उठला होता, आणि जागा त्यालाच मिळाली. मी आता त्या टीमच्या प्रशिक्षकाला फोन करणार आहे. त्या मुलाची जागा जाईल. आणि ही बातमी अशी पसरेल की परत कुठली टीम त्याला दारात उभा करणार नाही."

तिनं फोन हातात घेतला. ठिणगीला नंबर विचारला. ठिणगी नंबर सांगायला लागली, भराभर, जिंकल्यासारखी. आत्या एकेक आकडा दाबत होती आणि भावाकडे बघत होती.

भाऊ फरशीकडे बघत होता.

तो बोलला नाही. आकडे संपत आले तरी बोलला नाही. एका परक्या पोराचं आयुष्य बुडत होतं आणि हा फरशीच्या सांध्यांकडे बघत होता. फोन वाजायला लागला. आत्याला वाटलं, हा फोन आपण त्याच्या डोक्यात घालू.

"आता तरी बोलणार आहात का?" भावजय म्हणाली.

ती दारात उभी होती आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. भावानं मान वर केली. आधी बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे.

"ठेव फोन, ताई. त्या मुलानं नाही केलं."

आत्यानं फोन ठेवला. "मग कुणी केलं?"

खोलीत गेममधल्या नदीचा आवाज येत होता.

"मी," तो म्हणाला.

६

ठिणगी हसली. तिला ते खोटं वाटलं, आपल्याला वाचवायला किंवा काकूंना वाचवायला बाबा काहीतरी बोलतोय असं वाटलं. म्हणून आत्याला ते सगळं उलगडून सांगावं लागलं, आणि सांगताना तिला स्वतःचाच आवाज कडू लागत होता.

ती म्हणाली की काल दारात पाय ठेवला तेव्हाच तुझ्या बाबानं मला सांगितलं, तापलं की बंद पडतं, जळलेलं काही नाही. तुम्ही सगळे तेव्हा स्थिर वीज, फसवणूक असं काय काय बोलत होता. ताप हा शब्द त्यानं एकट्यानं उच्चारला. मी तो सोडून दिला, कारण त्याचा धंदाच गार करण्याचा. मग स्क्रू बघितले. कासवाला हे कीबोर्डवरून जमलं असतं, त्यानं पेटी उघडलीच नसती. काकूंना राग काढायचा असता तर त्यांनी वायर ओढली असती, चार स्क्रू मोजून मापून सैल केले नसते. हे हात अशा माणसाचे, जो रोज कॉम्प्रेसरची झाकणं कोपऱ्यासमोरचा कोपरा करून उघडतो, आणि ज्याला नक्की माहीत आहे की किती सैल केलं की यंत्र बंद पडेल आणि तरी वाचेल.

"पण तो तर घरी नव्हता," ठिणगी म्हणाली.

"काकू काय म्हणाल्या ते तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं. त्या म्हणाल्या, मला धुवायला दिली, मी धुतली. जाळी कुणी दिली? तू आंघोळीला होतीस. कासव तोवर आलाच नव्हता. सगळे झोपेत असताना घर सोडलं म्हणणारा माणूस या खोलीत गुडघ्यांवर बसला होता."

"काच पलंगाला टेकवून ठेवली होती," भावजय म्हणाली. "मी विचारलं काय करताय. म्हणाले, धूळ काढतोय, तू ही जाळी तेवढी धुऊन आण. मी आणली तर हे निघून गेले होते. मग ही आली आणि जाळी माझ्या हातात." ती आता नवऱ्याशी बोलत होती. "मला वाटलं, ती ओरडली की तुम्ही बोलाल. मग वाटलं, चहा व्हायच्या आत बोलाल. मग म्हटलं, जेवायच्या आत. मी बॅग काढली तेव्हा तुम्ही मला वरच्या फळीवरून ती काढून दिलीत."

आत्याच्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं, भाऊ स्टुलावर चढून बायकोला घर सोडायला बॅग काढून देतोय, आणि तिचा हात उचलला गेला. तो तिनं खुर्चीच्या पाठीवर आपटला.

"अरे, तिला चोर ठरवलं तुझ्यासमोर," ती म्हणाली. "त्या पोराचं नाव चारचौघांत खराब झालं. आणि तू हेडफोन चिकटवत बसलास?"

"मला वाटलं निवळेल," भाऊ म्हणाला. मग तो मुलीकडे वळला. "शिबिराला जाऊ का, असं तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो. तुझं तोंड इतकं फुललं होतं की नाही म्हणवेना. रोज ठरवायचो आज सांगू, आज सांगू. तू वर्षभर गेलीस की या घरात कोण उरतं?"

"मी उरते," भावजय म्हणाली.

ते ऐकून भावानं डोळे मिटले. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं असावं, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

ठिणगी उठली. ती काकूंच्या समोर जाऊन उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी. "मी काल तुम्हाला जे बोलले…"

"ते मी विसरणार नाहीये," भावजय म्हणाली. "पण तू ते खरं समजून बोललीस. त्याची भरपाई होते कधीतरी. यांना तर सगळं माहीत होतं."

ठिणगीनं मान हलवली. मग ती बाबाकडे वळली. आत्याला वाटलं, आता ही काहीतरी फेकणार. पण ती त्याच्या समोर जमिनीवर बसली, डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणून.

"नाही म्हण," ती म्हणाली.

"आता काय उपयोग. जागा गेली."

"दुसरी येईल. मी परत खेळणार आहे. तेव्हा परत स्क्रू काढणार का? आत्ता म्हण. माझ्या तोंडावर म्हण, नको जाऊस."

भावानं आत्याकडे बघितलं. लहानपणापासून तो असाच बघायचा, ताईनं पुढं व्हावं म्हणून. आत्यानं खिडकीकडे तोंड केलं.

"नको जाऊस," भाऊ म्हणाला. आवाज इतका बारीक होता की ठिणगीनं त्याला परत म्हणायला लावलं. "नको जाऊस. कॉलेज पूर्ण कर. वर्षभर खेळ खेळून पुढं काय होणार आहे ते मला समजत नाही. मला भीती वाटते."

"मी जाणार."

"मी जाऊ देणार नाही."

"मग तसं म्हणायचं होतंस! मी भांडले असते. रडले असते, जेवले नसते, पण मला कळलं असतं की माझ्याशी कोण भांडतंय. मी काकूंशी भांडले. कासवाशी भांडले. तू मला चुकीच्या माणसांशी भांडायला लावलंस!"

"मला तुझ्याशी भांडता येत नाही."

"शिक," ठिणगी म्हणाली. "मी इथंच बसलेय."

आणि मग त्या खोलीत बापलेकीचं असं भांडण जुंपलं की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून मान काढून वर बघितलं. भाऊ अडखळत होता, शब्द चुकत होता, मध्येच थांबून श्वास घेत होता, पण बोलत होता. पोरीच्या आईच्या आजारपणातले दिवस निघाले, रिकाम्या घराची भीती निघाली, ठिणगीचे बुडालेले तास निघाले, तिनं न सांगता दिलेल्या दोन निवड चाचण्या निघाल्या. ठिणगी प्रत्येकाला उत्तर देत होती. कुणीच कुणाला सोडत नव्हतं.

आत्या आणि भावजय बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या. आत्यानं रागानं लाल झालेला चेहरा पदरानं पुसला. आतून भावाचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिनं तो इतका चढलेला कधी ऐकला नव्हता.

"मध्ये पडायचं का?" तिनं विचारलं.

"पडू नका," भावजय म्हणाली.

थोड्या वेळानं ठिणगी बाहेर आली ती फोन घेऊनच. कासवाशी ती आधीच बोलली होती. माफी मला एकट्याला नको, जिथं चोर म्हणालीस तिथंच माग, असं त्यानं सांगितलं होतं. ती भिंतीला टेकून टीमच्या ग्रुपवर लिहायला लागली. लिहायची, खोडायची, परत लिहायची. शेवटी तिनं ते काकूंना वाचायला दिलं. भावजयीनं चष्मा लावून वाचलं, एका वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे कारण कशाला देतेस? चूक झाली एवढंच लिही." ठिणगीनं ते वाक्य काढलं आणि पाठवून दिलं.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. घामानं भिजला होता. त्यानं बायकोकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

भावजय उठली आणि बॅग उचलली.

"मी बहिणीकडे चाललेय," ती म्हणाली. "थोडे दिवस राहीन. तुम्हाला माझ्याशीही भांडायचंय, आणि ते हिच्यापेक्षा मोठं भांडण आहे. त्याच्या आधी मला झोप हवीय."

ती दाराशी गेली. भाऊ पुढं झाला आणि त्यानं बॅगेला हात घातला.

"नको जाऊस," तो म्हणाला.

भावजय थांबली. तिनं बॅग सोडली नाही, पण ओढूनही घेतली नाही.